द्राक्षमळ्यांच्या प्रदेशातील प्रवासाची आखणी : बर्गंडीच्या ‘कोत दोर’ उताराचा विचार

१. विषयाची मर्यादा

प्रवासात कोठे उतरावे, कोठे जेवावे आणि कोठे काय चाखावे, हे प्रश्न सामान्यतः प्रवासपुस्तिकांच्या स्वाधीन केले जातात. भूगोलाच्या अभ्यासकाने त्यांकडे लक्ष द्यावे असे त्यांत काय आहे, अशी शंका कोणास आल्यास नवल नाही. परंतु काही प्रदेश असे आहेत की, त्यांच्या बाबतीत हे तीन व्यावहारिक प्रश्न म्हणजे तेथील भूरचनेचे, जमीनधारणेचे व सामाजिक इतिहासाचेच प्रश्न होऊन बसतात. पूर्व फ्रान्समधील बर्गंडी हा अशा प्रदेशांपैकी एक होय; आणि त्यातही ‘कोत दोर’ या नावाने ओळखला जाणारा द्राक्षमळ्यांचा अरुंद उतार हे त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडक्यात पुढीलप्रमाणे आहे. या उतारावर येणाऱ्या प्रवाशाला साधारण प्रतीची वाइन, राहण्याच्या खोल्या किंवा भोजनगृहे यांची वाण पडत नाही. तेथे खरोखर दुर्मिळ असलेल्या गोष्टी दोन : मळेवाल्याचा वेळ आणि पाहुण्याच्या स्वतःच्या जिभेची व नाकाची अवधानशक्ती. प्रवासाची आखणी या दोन गोष्टींभोवती केली, तर मुक्काम, भोजन व आस्वाद यांविषयीचे निर्णय बव्हंशी आपोआप ठरतात. त्या लक्षात न घेता केलेला प्रवास मात्र खर्चिक असूनही निष्फळ ठरण्याचा संभव असतो.

२. उतार आणि त्यावरील श्रेणी

दिजाँ शहराच्या दक्षिणेपासून सांतने व मारांज या गावांपर्यंत सुमारे ५० किलोमीटर लांबीचा एक कडा उत्तर-दक्षिण पसरला आहे. त्याच्या पश्चिमेस जंगलाने झाकलेले पठार व पूर्वेस सोन नदीचे सपाट खोरे आहे. या कड्याच्या पूर्वाभिमुख उतारावर ज्युरासिक कालखंडातील चुनखडी व चुनखडीमिश्रित चिकणमाती यांचे थर उघडे पडलेले आहेत. द्राक्षमळ्यांचा पट्टा बहुतेक ठिकाणी एक-दोन किलोमीटरांहून अधिक रुंद नाही. उत्तरेकडील अर्धा भाग ‘कोत द न्युई’ या नावाने ओळखला जातो व तेथे मुख्यतः पिनो न्वार या काळ्या द्राक्षापासून तांबडी वाइन होते. दक्षिणेकडील भाग ‘कोत द बोन’ होय. तेथे तांबड्या वाइनबरोबरच शार्दोने या द्राक्षाची पांढरी वाइन विशेष नावाजलेली आहे.

उताराच्या माथ्यावर माती पातळ आणि हवा थंड असते. पायथ्याशी माती खोल असून तीत पाणी रेंगाळते. मधला भाग, म्हणजे समुद्रसपाटीपासून साधारणतः २५० ते ३०० मीटर उंचीचा टापू, हा या दोन्ही दोषांपासून पुष्कळसा मुक्त असतो. सकाळचे ऊन तेथे लवकर पोहोचते आणि पाण्याचा निचरा चांगला होतो. वाइनच्या कायदेशीर श्रेणी याच उताराच्या आधाराने ठरल्या आहेत. सर्वांत खाली प्रादेशिक नावाची वाइन, तिच्यावर गावाच्या नावाची, त्यावर ‘प्रीमिए क्र्यु’ म्हणजे प्रथम श्रेणीच्या मळ्यांची, आणि सर्वोच्च स्थानी ‘ग्राँ क्र्यु’ म्हणजे महाश्रेणीच्या मळ्यांची, अशी ही उतरंड आहे. संपूर्ण बर्गंडीच्या उत्पादनात महाश्रेणीचा वाटा केवळ एक टक्क्याच्या आसपास आहे. महाश्रेणीची ३३ नावे कायद्याने मान्य असून त्यांपैकी ३२ याच उतारावरील आहेत.

प्रत्येक गावाची जमीन पुन्हा लहान लहान नामांकित तुकड्यांत विभागलेली आहे. अशा तुकड्याला तेथे ‘क्लिमा’ म्हणतात. आपल्याकडे गावशिवारातील प्रत्येक शेताला त्याचे स्वतःचे नाव असते, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की, येथे ते नाव कायद्याच्या पोथीत आणि बाटलीच्या चिठ्ठीवर चढले आहे. युनेस्कोने २०१५ मध्ये या उतारावरील १,२४७ क्लिमांचा जागतिक वारशात समावेश केला.

प्रवाशाच्या दृष्टीने या रचनेतून एक सोपी गोष्ट निष्पन्न होते. दिजाँहून बोनकडे जाणारा हमरस्ता बऱ्याच भागात उताराच्या पायथ्याने जातो. त्या रस्त्याच्या कडेपासून निघून गाव ओलांडून माथ्यावरील रानापर्यंत चढत गेल्यास, अर्ध्या-पाऊण तासात वर सांगितलेल्या सर्व श्रेणी पायांखालून जातात. मातीचा रंग, दगडांचे प्रमाण व उताराचा कोन हे बदलत गेलेले डोळ्यांना दिसतात. ही चढण प्रथम करावी आणि मगच तळघरात उतरावे, म्हणजे पेल्यात जे येते त्याला आधार मिळतो.

नावांच्या बाबतीत मात्र सावध राहणे आवश्यक आहे. जव्हरे या गावाने १८४७ मध्ये आपल्या सर्वांत प्रसिद्ध मळ्याचे ‘शांबेर्तँ’ हे नाव स्वतःच्या नावास जोडून घेतले. प्युलिनी व शासान्य या शेजारच्या दोन गावांनी १८७९ मध्ये ‘मोंत्राशे’ हे नाव त्याच रीतीने घेतले. त्यामुळे ‘प्युलिनी-मोंत्राशे’ ही गावाची वाइन होय. ‘मोंत्राशे’ हा केवळ आठ हेक्टरांच्या आसपासचा महाश्रेणीचा मळा होय. जोडनावाचा व मूळ नावाचा हा भेद ध्यानात न आल्यास आपण काय चाखले, हेच प्रवाशाला कळत नाही.

३. जमिनीची वाटणी आणि मळेवाल्याचा वेळ

उताराची रचना निसर्गाची. तिच्यावरील मालकीची रचना इतिहासाची आहे. व्हूजो येथील तटबंदीच्या मळ्याचे उदाहरण यासाठी उपयोगी पडते. सितो येथील मठ १०९८ मध्ये स्थापन झाला व त्याच्या साधूंनी पुढील शतकांत हा मळा जोडत नेला व त्याभोवती दगडी कुसू घातला. फ्रेंच राज्यक्रांतीत धर्मसंस्थांची मालमत्ता राष्ट्रीय ठरवून विकली गेली, तेव्हा हा मळाही विकला गेला. तरी १८८९ पर्यंत तो अखंड एकाच मालकीत राहिला होता. त्या वर्षी त्याचे तुकडे पडले, आणि आज सुमारे ५० हेक्टरांच्या या एका मळ्याचे जवळजवळ ८० मालक आहेत. इतरत्र हीच प्रक्रिया नेपोलियनच्या १८०४ च्या संहितेतील समान वारसाहक्काच्या तत्त्वाने घडवून आणली. बापाचा मळा मुलांत वाटला जातो, लग्नसंबंधांनी काही तुकडे पुन्हा एकत्र येतात, आणि पुढच्या पिढीत ते पुन्हा विभागतात. महाराष्ट्रातील जमिनीच्या तुकडेवारीशी परिचित असलेल्या वाचकाला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

आता एक छोटे गणित मांडून पाहू. एखाद्या मळेवाल्याकडे महाश्रेणीच्या जमिनीपैकी ०.२ हेक्टर, म्हणजे अर्धा एकर, आहे असे समजा. हेक्टरी सुमारे ३५ हेक्टोलिटर उत्पन्न धरले, तर त्याला वर्षाकाठी ७०० लिटर वाइन मिळेल. बर्गंडीचे रूढ लाकडी पीप २२८ लिटरांचे असते. म्हणजे साऱ्या वर्षाचे उत्पन्न तीन पिपांत मावते, आणि त्याच्या साधारण ९३० बाटल्या भरतात. रोज दहा पाहुणे आले आणि प्रत्येकास ५० मिलिलिटर नमुना दिला, तर दिवसाला अर्धा लिटर आणि २०० दिवसांत १०० लिटर वाइन, म्हणजे एकंदर उत्पन्नाचा सातवा भाग, केवळ चाखण्यात संपेल. पाहुण्यांना दरवाजा उघडावयाचा, त्यांच्याशी तासभर बोलावयाचे आणि तळघर दाखवावयाचे, हे काम करणारा माणूसही बहुधा तोच असतो, जो सकाळी छाटणी करीत होता व दुपारी पिपे भरीत होता.

या गणितावरून लहान मळेवाल्याचा दरवाजा बंद का दिसतो, याचा उलगडा होतो. तो तुसडेपणाने वागत नाही. त्याच्याजवळ देण्यासारखे थोडे असते. यास्तव भेटीची वेळ काही आठवडे अगोदर पत्राने ठरविणे, ठरलेल्या वेळेस पोहोचणे, आणि येणे न जमल्यास वेळीच कळविणे, हा येथील प्रवासाचा पाया होय. भेटीच्या शेवटी परवडतील तेवढ्या दोन-चार बाटल्या विकत घेणे, ही तेथील रूढी आहे. महाश्रेणीचीच घ्यावी असे नाही. गावाच्या नावाची घेतली तरी चालते.

या व्यवहाराला अलीकडे एक चिंतेची बाजूही आली आहे. महाश्रेणीच्या जमिनीची सरासरी किंमत हेक्टरी ६० लाख युरोंच्या वर गेली आहे. वाइनच्या उत्पन्नातून अशा किमतीच्या जमिनीवरील वारसाकर भरणे सामान्य कुटुंबास कठीण जाते. २०१४ मध्ये ‘क्लो दे लांब्रे’ आणि २०१७ मध्ये ‘क्लो द तार’ हे मोरे-सँ-दनी गावातील दोन प्राचीन मळे चैनीच्या वस्तूंच्या व्यापारातील मोठ्या धनिक समूहांनी विकत घेतले. मळा विकला गेला म्हणून वाइन बिघडते असे नव्हे; परंतु मळा कसणारा, वाइन करणारा आणि पाहुण्याशी बोलणारा माणूस एकच असण्याची जी परंपरा, ती अशा प्रत्येक विक्रीबरोबर थोडी आक्रसते. आज ज्या तळघरात मळेवाला स्वतः दिवा घेऊन पुढे चालतो, तेथे उद्याही तो असेल अशी शाश्वती नाही.

४. पाहुण्यांचा प्रदेश कसा घडला

मळेवाल्याच्या घरी जाऊन वाइन चाखण्याची प्रथा अनादी आहे, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः एकोणिसाव्या शतकात बर्गंडीची वाइन बोन, न्युई व दिजाँ येथील व्यापारी पेढ्यांच्या हाती होती. या पेढ्या शेतकऱ्यांकडून द्राक्षे वा नवी वाइन घेत, ती मुरवीत, एकमेकींत मिसळीत आणि स्वतःच्या नावाने विकत. बोन येथील बुशार पेढी १७३१ पासूनची आहे. फिलॉक्सेरा ही मुळे कुरतडणारी कीड १८७८ मध्ये या उतारावर आढळली आणि पुढे अमेरिकन खुंटावर कलमे करून सारे मळे नव्याने लावावे लागले. पहिले महायुद्ध, अमेरिकेतील मद्यबंदी आणि १९३० नंतरची मंदी यांनी बाजार कोसळला. या संकटकाळात काही मळेवाल्यांनी आपली वाइन स्वतःच बाटल्यांत भरून विकण्यास प्रारंभ केला. व्होल्नेचे दांजेर्व्हील, न्युईचे गूज व जव्हरेचे रूसो ही त्यांतील प्रसिद्ध घराणी होत. १९३५ च्या कायद्याने मूळस्थान-नावांना राष्ट्रीय संरक्षण मिळाले.

याच काळात प्रदेशाला पाहुण्यांसाठी रूप देण्याचे प्रयत्न झाले. दिजाँचे महापौर गास्ताँ जेरार यांनी १९२१ मध्ये खाद्यपदार्थांची जत्रा सुरू केली. मर्सो येथे सुगीच्या शेवटच्या भोजनाची प्रथा १९२३ मध्ये नव्या थाटाने पुनरुज्जीवित झाली. १९३४ मध्ये न्युई येथे ‘तास्तव्हँ’च्या सरदारांचे मंडळ स्थापन झाले; तळघराच्या अंधारात वाइनचा रंग पाहण्याची चांदीची उथळ वाटी म्हणजे तास्तव्हँ. १९३७ मध्ये मळ्यांतून जाणारा प्रवासमार्ग आखण्यात आला, आणि १९३८ पासून द्राक्षमळेवाल्यांचा रक्षक संत व्हँसाँ याचा उत्सव दरवर्षी निराळ्या गावी फिरू लागला. जील लाफेर्ते या समाजशास्त्रज्ञाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या ‘परंपरां’च्या घडणीचे विवेचन केले आहे.

या इतिहासाचा आखणीशी संबंध असा की, आस्वादाची स्थळे दोन प्रकारची आहेत व दोन्ही पाहणे आवश्यक आहे. पेढीच्या तळघरात एकाच बैठकीत संपूर्ण उताराचा नमुना मिळतो. तेथे शुल्क ठरलेले, वेळ ठरलेली, आणि समजावून सांगणारा पगारी माणूस असतो. मळेवाल्याकडे एका गावाचे चार-सहा तुकडे मिळतात, पण ते कसणाऱ्याच्या तोंडून समजतात. पहिले नकाशासारखे, दुसरे क्षेत्रपाहणीसारखे. नकाशा आधी पाहावा.

५. कोठे उतरावे

मुक्कामासाठी तीन पर्याय संभवतात. दिजाँ हे दीड लाखांहून अधिक वस्तीचे शहर आहे. पॅरिसहून जलद गाडीने ते सुमारे दीड तासावर आहे. तेथे ड्यूकांचा राजवाडा व संग्रहालय आहे, खोल्या विपुल आहेत आणि २०२२ पासून भोजन व वाइन यांचे एक मोठे केंद्रही तेथे सुरू झाले आहे. परंतु ते उताराच्या उत्तर टोकाला पडते. दुसरा पर्याय म्हणजे मळ्यांतील एखाद्या गावात घरगुती निवासात उतरणे. तेथील शांतता व सकाळ-संध्याकाळची फेरी यांस तोड नाही. पण लहान गावांत संध्याकाळचे भोजनगृह बहुधा एखादेच असते, आणि ते बंद असल्यास मोटार काढावी लागते.

तिसरा पर्याय बोन. सुमारे वीस हजार वस्तीचे हे तटबंदीचे गाव उताराच्या जवळजवळ मध्यावर आहे. पेढ्यांची जुनी तळघरे त्याच्या रस्त्यांखाली आहेत; दिजाँहून येणारी स्थानिक आगगाडी अर्ध्या तासाच्या आत तेथे पोहोचते आणि तिचा मार्ग न्युई, बोन, मर्सो व शान्यी असा साऱ्या उताराला समांतर जातो. निवासाचा नियम एका वाक्यात सांगावयाचा तर असा : जेथून रात्रीच्या जेवणास पायी जाता व परतता येते, तेथे उतरावे. फ्रान्समध्ये वाहन चालविणाऱ्याच्या रक्तात मद्यार्काची मर्यादा लिटरमागे ०.५ ग्रॅम आहे, आणि नवशिक्या चालकांसाठी ती ०.२ आहे. हा नियम लावून पाहिल्यास निवड बोनचीच ठरते. रोज मुक्काम हलविण्याचा मोहही टाळावा. ५० किलोमीटरांच्या प्रदेशात त्याची गरज नाही, आणि सामान बांधण्यात गेलेली सकाळ ही आस्वादाची सर्वोत्तम वेळ असते.

६. कोठे व केव्हा जेवावे

या प्रदेशात जेवणाची वेळ ही एक सामाजिक संस्था आहे. दुपारी १२ ते २ या वेळात मळे, तळघरे, दुकाने व कचेऱ्या बव्हंशी बंद असतात. दीड वाजून गेल्यावर गावातील भोजनगृहात शिरणाऱ्यास नकार मिळण्याचा संभव मोठा. रविवारी संध्याकाळी व सोमवारी अनेक भोजनगृहे बंद असतात. काही मंगळवार-बुधवारीही असतात. म्हणून प्रथम भेटीच्या वेळा सकाळी १० व दुपारी ३ अशा ठरवाव्या आणि त्यांच्या मध्ये, त्याच गावी वा शेजारच्या गावी, दुपारचे भोजन बसवावे. दुपारी ठरावीक किमतीचे दोन-तीन पदार्थांचे जेवण मिळते. ते रात्रीच्या मानाने स्वस्त असते.

पदार्थांकडे पाहता वाइन आणि अन्न ही एकाच घरची भावंडे आहेत, हे दिसून येते. गोमांस तांबड्या वाइनमध्ये मंद शिजवून केलेला रस्सा, त्याच वाइनच्या ‘मरेत’ नावाच्या रश्श्यात शिजविलेली अंडी, अजमोद्याच्या हिरव्या पाल्यासह थापलेले थंड डुकराचे मांस, लसूण-लोणी घातलेल्या गोगलगायी, हे येथील प्रसिद्ध पदार्थ. वाइन गाळून उरलेल्या चोथ्यापासून ‘मार’ नावाची दारू ऊर्ध्वपातनाने काढतात, आणि त्या दारूने एप्वास या उग्र वासाच्या चीजची साल वरचेवर धुतात. आंबटसर आलिगोते वाइनमध्ये काळ्या मनुकेसारख्या ‘कासी’ फळाचा गोड मद्यार्क मिसळून केलेल्या पेयाला, १९४५ ते १९६८ या काळात दिजाँचे महापौर असलेले फेलिक्स कीर यांचे नाव मिळाले आहे.

शाकाहारी प्रवाशाने अगोदर कळविल्याखेरीज गावातील भोजनगृहावर विसंबू नये. मरेत-अंड्यांच्या रश्श्यातही बहुधा खारविलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, आणि परंपरागत चीज वासराच्या जठरातील पाचकाने विरजलेले असते. चीज घालून भाजलेले ‘गुझेर’ हे पोकळ वडे, पाव, भाज्या व फळे यांवर दुपार भागविता येते. बोनच्या शनिवारच्या सकाळच्या बाजारात हे सर्व मिळते. शान्यी येथील लामलॉइझसारख्या मिशेलिनच्या तीन ताऱ्यांच्या भोजनगृहात जावयाचे असल्यास जागा फार आधी राखून ठेवावी आणि त्या दिवशी दुसरी कोणतीही भेट ठेवू नये. तेथील तीन तासांच्या भोजनानंतर जिभेजवळ मळेवाल्याला देण्यासारखे अवधान उरत नाही.

७. कसे चाखावे

अवधानाचा विचार आता थोडा शास्त्रीय दृष्टीने करू. तांबड्या वाइनमधील टॅनिन लाळेतील प्रथिनांशी संयोग पावते व तोंड कोरडे पडते. नाक एकाच प्रकारच्या वासाला लवकर सरावते. आणि मद्यार्क निर्णयशक्ती मंद करतो. १३ टक्के मद्यार्काच्या वाइनच्या ५० मिलिलिटर नमुन्यात सुमारे ५ ग्रॅम मद्यार्क असतो. असे सहा नमुने गिळल्यास ३० ग्रॅम मद्यार्क पोटात जातो. वाहनाची कायदेशीर मर्यादा ओलांडण्यास पुष्कळांच्या बाबतीत तेवढा पुरे होतो. म्हणून प्रत्येक तळघरात पिकदाणी वा वाळूची बादली ठेवलेली असते. वाइन तोंडात घोळवून थुंकणे हा यजमानाचा अपमान नव्हे. यजमान स्वतःही तेच करतो. मद्यपान न करणाऱ्या अभ्यासकालाही या मार्गाने, किंवा केवळ वास घेऊन, पुष्कळ शिकता येते.

दिवसाला दोन भेटी, एकूण बारा-पंधरा नमुने, ही मर्यादा पाळावी. क्रम खालच्या श्रेणीकडून वरच्या श्रेणीकडे असावा. मळेवाला स्वतःच तो तसा लावतो. अनेक तळघरांत तांबडी वाइन आधी व पांढरी नंतर दिली जाते, याचे नवख्यास आश्चर्य वाटते. पिनो न्वारचा तुरटपणा सौम्य असतो, आणि पिपात मुरलेल्या शार्दोनेची आम्लता व भरदारपणा त्याला सहज झाकून टाकतो, हे त्याचे कारण. सर्वांत बोधप्रद प्रयोग मात्र निराळाच आहे : एकाच क्लिमाची, एकाच वर्षाची वाइन दोन भिन्न मालकांकडे चाखावी. जमीन व हवामान समान असता जो फरक उरतो तो माणसाचा. मालकीच्या ज्या तुकडेवारीमुळे येथील प्रवास अवघड होतो, तिच्यामुळेच हा प्रयोग शक्य होतो.

८. काळाची निवड

नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी बोनच्या धर्मार्थ रुग्णालयाच्या वाइनचा लिलाव होतो. निकोला रोलँ व त्यांची पत्नी गिगोन द सालँ यांनी १४४३ मध्ये हे रुग्णालय स्थापिले. लोकांनी दान दिलेल्या मळ्यांच्या उत्पन्नावर ते चालत आले आणि १८५९ पासून हा लिलाव भरत आला आहे. त्या आठवड्यात बोनमध्ये खोली मिळणे दुरापास्त असते. ऑगस्टमध्ये अनेक कुटुंबे सुटीवर जातात. राहिली सुगी. तिचे दृश्य पाहण्याची इच्छा स्वाभाविक असली, तरी त्या दिवसांत कोणा मळेवाल्याला पाहुण्यासाठी सवड नसते.

ही सुगी केव्हा येते, हा प्रश्न आता पूर्वीइतका सोपा राहिलेला नाही. बोन येथील द्राक्षतोडणीच्या तारखांची १३५४ ते २०१८ पर्यंतची मालिका २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीवरून असे दिसते की, १९८७ पर्यंत तोडणी सरासरीने २८ सप्टेंबरच्या सुमारास सुरू होई; १९८८ नंतरच्या काळात ती सरासरीने १३ दिवस अलीकडे आली आहे. २००३ सारख्या उष्ण वर्षी ती ऑगस्टमध्येच सुरू झाली. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्याला ‘सुगीपूर्वीचा निवांत काळ’ म्हणणारी जुनी मार्गदर्शिका त्यामुळे आज दिशाभूल करते. लवकर फुटणाऱ्या अंकुरांवर वसंतातील दहिवराचे संकटही वाढले आहे. एप्रिल २०२१ मधील दहिवराने पांढऱ्या वाइनच्या अनेक मळ्यांत पीक अर्ध्याहून कमी उतरले. अशा वर्षाची वाइन तळघरात अल्प असते, हे लक्षात घेऊन मागणी करावी. सर्व बाजूंनी विचार करता मेचा उत्तरार्ध व जून, किंवा तोडणी आटोपल्यानंतरचा ऑक्टोबरचा उत्तरार्ध, हे काळ प्रवासास अनुकूल ठरतात.

९. चार दिवसांची रूपरेषा

वरील विवेचनावरून एक नमुना-आखणी अशी करता येईल. पहिल्या दिवशी बोनला मुक्कामी यावे. दुपारी रुग्णालयाची जुनी वास्तू, जी आता संग्रहालय आहे, ती आणि २०२३ मध्ये उघडलेले क्लिमा व वाइन यांचे केंद्र पाहावे. दुसऱ्या दिवशी सकाळी एखाद्या पेढीच्या तळघरात साऱ्या उताराचा नमुना घ्यावा आणि दुपारी बोनच्या वरच्या मळ्यांतून चढण चढावी. तिसऱ्या दिवशी उत्तरेकडे जावे : सकाळी जव्हरे किंवा व्होन-रोमाने येथे एका मळेवाल्याची भेट, त्याच भागात भोजन, नंतर व्हूजोचा मळा व वाडा, आणि जमल्यास दुसरी भेट. वाड्यात आज वाइन होत नाही, तो तास्तव्हँ मंडळाच्या ताब्यात आहे. पण मठाचे प्रचंड दाब-यंत्र तेथे पाहावयास मिळते. चौथ्या दिवशी बोनहून पोमार, व्होल्ने, मर्सो, प्युलिनी या गावांतून सांतनेपर्यंत जाणाऱ्या सुमारे २२ किलोमीटरांच्या सायकलवाटेने दक्षिणेकडे जावे, मर्सो वा प्युलिनीत पांढऱ्या वाइनची एक भेट ठेवावी आणि शान्यीहून आगगाडीने परतावे. या आखणीत भेटी तीन-चारच आहेत. ही संख्या वाढविण्याचा मोह आवरावा.

१०. समारोप

एका प्रदेशाचे नियम दुसऱ्या प्रदेशाला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. आपल्या नाशिककडील द्राक्षवेलीला एप्रिलची खरड छाटणी व पावसाळ्यानंतरची फळछाटणी अशा दोन छाटण्या लागतात, आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारणतः जानेवारी ते मार्च या काळात होते. तेथे पाहुण्याचे स्वागत मुख्यतः कंपन्यांच्या आस्वादगृहांत होते. द्राक्षे पुरविणारा शेतकरी पुष्कळदा करारावर बांधलेला असून पाहुण्याच्या दृष्टीस पडत नाही. तेथे शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याकडील गर्दीत आस्वादगृहातली जागा मिळविणे हा प्रश्न असतो, आणि शेतकऱ्याची भेट ही मुद्दाम शोधावयाची गोष्ट ठरते. तात्पर्य, आखणीचे कोष्टक बदलेल. परंतु त्या प्रदेशात दुर्मिळ काय आहे आणि ते कोणाच्या हाती आहे, हा पहिला प्रश्न बदलणार नाही. कोत दोरच्या बाबतीत त्याचे उत्तर अर्ध्या एकरावर तीन पिपे भरणाऱ्या माणसाजवळ आहे. त्याला धाडावयाचे पत्र प्रवासाच्या तयारीत सर्वांत आधी लिहावे. खोलीचे व भोजनाचे त्यानंतर.